फेर, फुगडी आणि सभागृह : जुन्या खेळांच्या नव्या मेळाव्यांचा आढावा

श्रावण लागला की हदगावासारख्या तालुक्याच्या गावीही अलीकडे मंगल कार्यालये, लग्नसराईचा मागमूस नसताना, भर दुपारी गजबजू लागतात. दाराशी चपलांचा खच पडतो, आत ध्वनिक्षेपकावरून कुठल्या तरी संघाचे नाव पुकारले जाते, आणि शिवलेली नऊवारी, खोट्या मोत्यांची नथ, अंबाड्यावर गजरा व कपाळी चंद्रकोर अशा सरंजामात सजलेल्या दहा-बारा जणी मंचावर येऊन झिम्मा, फुगडी, पिंगा, कोंबडा, गोफ असे खेळ एकामागून एक, घड्याळाच्या हुकमतीत, खेळून दाखवितात. फलकावरची नावे बदलतात, कुठे मंगळागौर, कुठे श्रावणमेळा, कुठे भोंडला. परंतु प्रकार एकच, आणि तो असा की, आजी-पणजीच्या काळचा वेष चढवावयाचा, त्या काळी जे नाचणे-खेळणे होते ते पुन्हा नाचावयाचे, आणि या दोहोंच्या योगाने गेलेल्या काळाचा सुखद आभास दोन-तीन तास अनुभवावयाचा. पुण्या-मुंबईस हा प्रकार जुना झाला. नांदेड-लातूरकडे तो उशिरा आला, पण आला तो चांगला रुजला. रिकामटेकड्या बायकांची हौस म्हणून त्याच्याकडे पाहून नाक मुरडणारे जसे पुष्कळ आहेत, तसे संस्कृतीचे जतन म्हणून त्याची आरती ओवाळणारेही पुष्कळ आहेत. या दोन्ही पक्षांनी बहुधा भाषणापुरती हजेरी लावलेली असते, खेळ मात्र शेवटपर्यंत पाहिलेला नसतो.

या मेळाव्यांचे मोल ठरविताना वेषाचा अस्सलपणा, गाण्यांची प्राचीनता, पावलांची सफाई अशा अनेक कसोट्या लावता येतील आणि लावल्याही जातात. परंतु माझ्या मते यांतील एकही कसोटी मुद्द्याची नाही. मूळ खेळाला प्रेक्षक नव्हता. जी आली ती खेळली, जिला खेळवेना तिने कडेला बसून टाळी धरली आणि गाण्याची पुढची ओळ पुरविली. पण निव्वळ पाहण्यासाठी म्हणून कोणी आली असे सहसा घडत नसे. म्हणून ज्या मेळाव्यात खुर्चीवरच्या बाईला उठून फेरात शिरता येते तो मेळावा, त्यातील नऊवारी कितीही शिवलेली आणि नथ कितीही खोटी असो, जुन्या खेळाचा खरा वारस होय. आणि ज्यात तिला शेवटपर्यंत खुर्चीवरच बसावे लागते तो, त्यातील प्रत्येक दागिना पिढीजात असला तरी, निव्वळ देखावा होय.

मराठवाड्याचा स्वतःचा वारसा पाहावयाचा तर मंगळागौर बाजूस ठेवून पंचमीकडे वळावे लागते. श्रावण शुद्ध पंचमी म्हणजे या मुलखातील लेकींचा सण. भावाने जाऊन बहिणीला माहेरी आणावयाचे, झाडाला झोके बांधावयाचे, हातांवर मेंदी रंगवावयाची, आणि पंचमीच्या दिवशी वारुळाला जाऊन दूध-लाह्या वाहावयाच्या. त्या दिवशी विळीने चिरायचे नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, म्हणून पुरणाचे उकडलेले दिंड. सणाचा हा विधी घरोघर आजही होतो. परंतु सणाचा प्राण जो फेर, तो पंचमीच्या आधीच्या रात्रींतून रंगत असे. जेवणखाण आटोपून, भांडी घासून, लेकरे निजवून बायका मोकळ्या पटांगणात जमत. पाच-सहा जणींनी हात धरून सुरू केलेले कडे बघता बघता वाढत जाई, आणि एकीने ओळ सांगावयाची व बाकीच्यांनी ती झेलावयाची अशा क्रमाने गाणे पुढे सरके. पाऊल आत टाकताना कमरेतून वाकून टाळी, मागे येताना अंग सरळ, आणि प्रत्येक आवर्तनाला एक पाऊल उजवीकडे. एवढीच काय ती त्यातील विद्या. ती सोपी होती म्हणूनच तिच्यात सर्वांचा समावेश होई. आठ वर्षांची पोर आणि साठीची म्हातारी एकाच कड्यात मावत, दमलेली हात सोडून बाहेर पडे, तिच्या दोन्ही बाजूंचे हात एकमेकींना मिळत, आणि फेर क्षणभरही थांबत नसे. गाणे चुकले तरी बिघडत नसे, कारण चुकलेली ओळसुद्धा बाकीच्या जणी तितक्याच निष्ठेने झेलीत.

फेर विसावला की फुगड्या सुरू. फुगडी हा आज मंचावरचा सर्वांत टाळ्या मिळविणारा प्रकार झालेला असला तरी दुरून पाहणाऱ्यास तिच्यातील मर्म कळत नाही. दोघींनी समोरासमोर उभे राहून हातांची तिढी घालून घट्ट पकडावयाचे, चारही पावलांची बोटे मध्यभागी एकमेकांस जवळजवळ चिकटवावयाची, आणि मग धीर करून मागे रेलावयाचे. इतके मागे की, समोरचीने हात सोडले तर पाठ जमिनीवर आदळावी. पावले अगदी थोडी सरकतात, फिरतात ती शरीरे, आणि जो वेग येतो तो पायांच्या बळाने येत नसून दोघींच्या भाराच्या समतोलाने येतो. एक जाड, एक बारीक असली तर बारकीला अधिक रेलावे लागते. एक घाबरली आणि सरळ झाली तर दोघीही अडखळतात. साठीच्या दोघी जावा, ज्या वाटणीच्या भांडणापासून एकमेकींशी धड बोलत नाहीत, फुगडीला मात्र एकमेकींनाच हाक मारतात असे आमच्याकडे पाहावयास मिळते. त्याचे कारण प्रेमात शोधू नये, एकमेकींचे वजन हातांना ठाऊक असते एवढेच. हीच फुगडी बसून घातली की बसफुगडी, आणि ती घालताना आळीपाळीने पाय पुढे फेकावे लागतात, त्यामुळे गुडघे आणि श्वास या दोहोंची परीक्षा होते. वैद्यांनी न सांगितलेला हा व्यायाम आता सभागृहात गेल्यापासून निवेदिका तो गुडघेदुखीवर कसा उपयुक्त आहे हे सांगू लागल्या आहेत. ज्यांचे गुडघे खरोखरच दुखतात त्या पहिल्या रांगेत बसून हसतात.

येथे एक गोष्ट जाता जाता नमूद करावीशी वाटते. हा मुलूख 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, कचेरीत उर्दू, आणि सभा-संमेलनांस सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची करणारे गश्ती निशाण 53 जारी. चार पुरुषांनी एकत्र येऊन व्याख्यान ठेवावयाचे तर अर्जी करावी लागे. परंतु वारुळापाशी पन्नास बायका जमून तासन्‌तास उच्चरवाने गात, त्यांत सासऱ्याचा, सावकाराचा आणि प्रसंगी पाटलाचाही उद्धार करीत, त्यांच्याकडे कोणा अमलदाराने परवाना मागितल्याचे ऐकिवात नाही. सत्ताधाऱ्यांनी या गाण्यांना निरुपद्रवी मानले असावे. त्यांचे ते अनुमान कितपत बरोबर होते, हे ती गाणी ऐकलेल्यांनी ठरवावे.

फेर ओसरला त्याची कारणे कोणी मुद्दाम शोधण्याची गरज नाही, ती शेतात आणि गल्लीत उभी आहेत. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले आणि श्रावण हा खुरपणी-फवारणीच्या ऐन घाईचा महिना झाला. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात वाकलेली बाई रात्री फेरात वाकावयास येत नाही. पटांगणावर घरे उठली. झोका बांधावा असे लिंबाचे झाड रस्तारुंदीत गेले. दूरचित्रवाणीवरील मालिका नेमक्या फेराच्या वेळी सुरू होऊ लागल्या, आणि पुढे ज्याच्या त्याच्या हातात भ्रमणध्वनी आल्यावर एकत्र बसून मालिका पाहण्याचेही कारण उरले नाही. आणखी एक कारण बोलले जात नाही, ते असे की, शिकलेल्या सुनेला पटांगणात नाचणे कमीपणाचे वाटू लागले. आणि गंमत ही की, तीच सून आता चाळिशीत पोहोचल्यावर, तोच नाच सभागृहात, मंचावर, ओळखपत्र गळ्यात अडकवून नाचण्यासाठी वर्गणी भरते. मी याला ढोंग म्हणणार नाही. लाज एका वेशीने गेली आणि आनंद दुसऱ्या वेशीने परत आला, असे फार तर म्हणता येईल.

हदगावच्या चहूबाजूंना अशा खेळांची जी समृद्धी आहे तिचा केवळ उल्लेख करावयाचा तरी जागा पुरणार नाही. उत्तरेस पैनगंगा ओलांडून उमरखेडकडे गेले की वऱ्हाडची भुलाबाई भेटते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे मुली गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा कल्ला होतो. पश्चिम महाराष्ट्राचा हादगा अथवा भोंडला तो हाच, फक्त त्यात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरतात. देगलूर, बिलोली, धर्माबादकडील तेलुगू घरांतून आश्विनात बतुकम्मा रचली जाते. फुलांच्या त्या मनोऱ्याभोवती टाळ्यांचा जो फेर चालतो त्याला 2014 साली तेलंगणाने राज्योत्सवाचा दर्जा दिला. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबादेतून नांदेडकडे आलेल्या किनवटच्या डोंगरपट्ट्यात गोंडांची दंडारी दिवाळीच्या सुमारास गावोगाव फिरते, मोरपिसांचा प्रचंड टोप घातलेला घुसाडी तिच्या अग्रभागी. त्या नृत्यासाठी आदिलाबादकडील मार्लवाईचे कनक राजू यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

या सर्वांत बंजारा तांड्यांवरील तीज हिच्यापाशी थोडे थांबावेसे वाटते, कारण ती आमच्या तालुक्यात आजही जिवंत आहे आणि तिला पुनरुज्जीवनाची गरज पडलेली नाही. श्रावणात तांड्याच्या नायकाची अनुमती घेऊन कुमारिका बांबूच्या दुरड्यांत वारुळाची माती भरतात, तीत गहू पेरतात, आणि नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी घालीत त्या दुरड्यांभोवती फेर धरून गातात. कोवळे पिवळसर अंकुर वीतभर वाढले की वाजतगाजत विसर्जन. आरसे आणि कवड्या लावलेली कांचळी व घेरदार फेटिया हा म्हातारीचा रोजचा वेष होता. नातीचा तो सणाचा वेष झाला आहे. म्हणजे वेष जुना होऊन बाजूस पडला, नाच मात्र पडला नाही. मंगल कार्यालयातील मेळाव्यात याच्या उलट घडते. तांड्यावरची पोर साध्या पंजाबी पोशाखात तीज नाचली तरी कोणी तिला नावे ठेवीत नाही. स्पर्धेत मात्र नऊवारीविना आलेल्या संघाचे गुण कापले जातात.

आता मंगळागौरीकडे वळू. नवविवाहितेने लग्नानंतर पाच वर्षे श्रावणातील मंगळवारी करावयाचे हे व्रत. सकाळी सोळा प्रकारच्या पत्रींनी अन्नपूर्णेची पूजा, मौनाने भोजन, आणि रात्री जागर. त्या जागरासाठी खेळ. झोप येऊ नये हा त्यांचा व्यावहारिक हेतू, आणि सासरी नव्याने आलेल्या मुलीला आपल्या वयाच्या दहाजणींत मोकळे होता यावे हा न बोललेला हेतू. म्हणून त्या खेळांत सासू-सुनेचे भांडण आहे, सवतींचे भांडण आहे, लाटणे, सूप आणि घागर आहेत. स्वयंपाकघरातील यच्चयावत सामग्री तेथे नाचते. हे व्रत मुख्यत्वे ब्राह्मणी आणि त्याच्या आसपासच्या पांढरपेशा घरांचे. नांदेड-हदगावच्या कुणब्या-मराठ्यांच्या, धनगरांच्या, दलितांच्या घरी पंचमी होती, गौरी म्हणजे महालक्ष्मी होत्या, मंगळागौर नव्हती. ती येथे आली ती व्रत म्हणून आलीच नाही, कार्यक्रम म्हणून आली.

ती येण्याचा मार्ग शोधू लागल्यास तो रंगमंचावरून निघून चित्रपटगृहातून गेलेला दिसतो. लोकनृत्ये आणि लोकगीते एका सूत्रात ओवून शहरी रंगमंचावर उभी करण्याचे श्रेय ज्यांना निःसंशय द्यावयाचे त्यांत शाहीर साबळे यांचे नाव अग्रभागी. त्यांच्या 'महाराष्ट्राची लोकधारा' या कार्यक्रमाने पुढील किती शाळांच्या स्नेहसंमेलनांना खाद्य पुरविले याची गणती नाही. 2015 साली 'बाजीराव मस्तानी' या हिंदी चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी यांना एकत्र पिंगा घालावयास लावले तेव्हा पेशव्यांच्या वंशजांनी आणि पुण्यातील अनेकांनी त्यास हरकत घेतली. हरकत इतिहासाच्या दृष्टीने रास्त होती, परंतु त्या चित्रपटाने पिंग्याला जी प्रसिद्धी दिली ती हरकतीला पुरून उरली, आणि पुढील वर्षीच्या मेळाव्यांतून बायका त्याच धाटणीची वेषभूषा मागू लागल्या. त्यानंतर 2023 च्या जून महिन्याच्या अखेरीस केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणी, त्यांचे आपसांतील अबोले, आणि त्यांना एकत्र आणणारी मंगळागौरीची स्पर्धा. गावोगावच्या बायका गट करून, एकाच रंगाच्या साड्या नेसून तो पाहावयास गेल्या, आणि परत आल्या त्या आपलाही संघ काढण्याचा निश्चय करून. हे केदार शिंदे शाहीर साबळ्यांचे दौहित्र. आजोबांनी जे रंगमंचावर आणले ते नातवाने पडद्यावर नेले, आणि तेथून ते हदगावच्या मंगल कार्यालयात उतरले.

याच वाटेवर दुसरी एक गाडी धावत होती, तिचाही उल्लेख करावयास हवा. 2004 पासून दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर' या कार्यक्रमाने सामान्य गृहिणीला खेळात जिंकून पैठणी मिळविण्याचे स्वप्न दाखविले, आणि त्याच नमुन्यावर 'खेळ पैठणीचा' या नावाने स्थानिक पुढाऱ्यांनी जे मेळावे भरविण्यास आरंभ केला ते आजतागायत थांबलेले नाहीत. निवडणुकीचे वर्ष असले की पैठण्यांची संख्या वाढते. फुगडी आणि उखाणा यांच्या मध्ये भावी लोकप्रतिनिधींचे मनोगत येते. यात मला विशेष वावगे वाटत नाही. जुन्या काळी देशमुख-पाटलांच्या वाड्यावरच्या हळदीकुंकवातही प्रतिष्ठेचे राजकारण होतेच. वाईट वाटते ते इतकेच की, पैठणी एकीलाच मिळते आणि उरलेल्या तीनशे जणी ती कोणाला मिळाली हे पाहून घरी जातात.

स्पर्धेने खेळाचे काय केले, हा या आढाव्यातील कळीचा भाग आहे. विद्यापीठांच्या युवक महोत्सवात लोकनृत्याला दहा नर्तक आणि दहा मिनिटे अशी मर्यादा असते. मंगळागौरीच्या स्पर्धांनी थोड्याफार फरकाने तोच दंडक उचलला. रात्रभराचा जागर दहा मिनिटांत बसवावयाचा म्हटल्यावर प्रत्येक खेळाला अर्धे मिनिट येते. मग फुगडीला वेग चढण्याआधीच ती सोडावी लागते, गाण्याची दोनच कडवी उरतात, आणि आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलविण्याची पाळी येते. ज्या खेळात गाणारी आणि नाचणारी एकच होती, जिचा दम नाचात गेला की गाण्याची ओळ दुसरीने उचलायची असा संकेत होता, त्यात गाणे यंत्राकडे आणि नाच माणसाकडे अशी वाटणी झाली. परीक्षकांच्या मेजावरील कागदावर वेषभूषा, ताळमेळ, सादरीकरण, सामाजिक संदेश असे रकाने असतात. हा शेवटचा रकाना भरण्यासाठी सासू-सुनेच्या भांडणाचा शेवट समेटात करावा लागतो, आणि 'नाच गं घुमा' या गाण्यातील घुमेला पाणी वाचविण्याचे आवाहन करीत नाचावे लागते. ज्या गाण्यांचे सारे बळ तक्रारीत होते त्यांतून तक्रारच हद्दपार होते.

वेषाविषयीही थोडे. बाजारात तयार नऊवारीचे जे प्रकार मिळतात त्यांची नावे पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी अशी. भाड्याने आणलेल्या पेशवाईतच आमच्याकडील बहुतेक संघ उभे राहतात. 1760 साली उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला खरा, पण हदगाव-नांदेडचा मुलूख अखेरपर्यंत निजामाच्याच राज्यात राहिला, आणि येथील आजीने पेशवाई पाहिली नाही. तिच्या अंगावर हातमागाचे जाड लुगडे, खणाची चोळी, दंडात वेळा आणि कपाळी आडवे कुंकू होते. तेव्हा ज्या काळाची आठवण म्हणून हा वेष चढविला जातो तो काळ दुसऱ्याच कोणाच्या आजीचा आहे. आठवणीसुद्धा भाड्याने मिळतात, आणि त्या आपल्या मापाच्या असतातच असे नाही.

इतके म्हटल्यावर दुसरी बाजू न मांडणे अन्यायाचे होईल, आणि ती बाजू, माझ्या मते, फार वजनदार आहे. मंगळागौर व्रत होते तोवर ती सवाष्णींची होती. विधवेला तेथे स्थान नव्हते; ती स्वयंपाकघरात फराळाचे करीत असे आणि बाहेरचा दंगा ऐकत असे. ज्या गोड आठवणींचा गजर मेळाव्यांतून चालतो त्यांत या बाईची आठवण कोणी काढीत नाही. व्रताचा कार्यक्रम झाल्याबरोबर हे कुंपण पडले. वर्गणी भरणाऱ्या बाईला तिचे कुंकू कोणी विचारीत नाही, जात तर विचारीत नाहीच. नवबौद्ध शिक्षिका, मराठ्यांची सून, बंजारा परिचारिका आणि ब्राह्मणाची विधवा एका संघात नाचताना दिसतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने त्याचे अनुकरण करण्याचे परिपत्रक काढले, त्याचा गौरव झाला तो योग्यच; परंतु अनेक सभागृहांतून हे काम कोणताही ठराव न करता, फुगडीच्या ओघात, आधीच होऊन गेले होते. जुन्या काळाची हौस करणाऱ्यांनी जुन्या काळाचा सर्वांत कठोर नियम असा सहज मोडला.

परदेशी आणि परप्रांती काय घडले, हेही पाहणे उपयोगाचे आहे. गोव्यातील ख्रिस्ती सरदार घराण्यांच्या दिवाणखान्यांत एकोणिसाव्या शतकात बहरलेला मांडो हा असाच घरगुती समारंभांचा नाच. स्त्रिया आणि पुरुष समोरासमोरच्या ओळींत, हातात पंखे, साथीला घुमट आणि व्हायोलिन. कुडतरीचे आर्नाल्दो द मिनेझिस यांच्यासारख्या रचनाकारांनी तो वैभवास नेला. दिवाणखाने ओस पडू लागल्यावर मांडोचे महोत्सव आणि स्पर्धा सुरू झाल्या, आणि त्यांनी रचना, स्वर व वेष उत्तम जपले. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. त्यावर कायद्याने बंदी असल्याने बोकडाचे कातडे आले, आणि 2019 साली घुमट गोव्याचे वारसावाद्य म्हणून जाहीर झाले. परंतु लग्नाच्या मांडवात पाहुण्यांनी आपण होऊन मांडोच्या ओळीत उभे राहणे महोत्सवाने परत आणले नाही.

याउलट उदाहरण अमेरिकेतील. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील सॅव्हॉय नृत्यगृहात, जे 1926 ला उघडले आणि 1958 ला बंद झाले, कृष्णवर्णीय तरुणांनी लिंडी हॉप नावाचा जोडीनाच घडविला. काळ बदलला, संगीत बदलले, आणि त्या नाचाचा एक अव्वल कलावंत फ्रँकी मॅनिंग टपाल खात्यात नोकरी करू लागला. सुमारे तीस वर्षांनी, 1980 नंतरच्या दशकात, स्वीडन आणि कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या चित्रफिती पाहून त्याला शोधीत आले. म्हाताऱ्याने प्रथम आढेवेढे घेतले, मग शिकवू लागला, आणि 2009 साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी मरण पावेपर्यंत जगभर शिकवीत राहिला. स्वीडनमधील हेरेंग या खेड्यात 1982 पासून भरणाऱ्या उन्हाळी शिबिरात दिवसा शिकणे आणि रात्री सर्वांनी नाचणे असा शिरस्ता आहे. तेथे जुन्या काळचे पोशाख घालून येणारे असतात, साध्या कपड्यातले असतात. नाचावयास कोणाला मज्जाव नसतो. मांडो जपला गेला आणि लिंडी हॉप पसरला, यातील भेद मुख्यतः एवढाच की, एकात श्रोत्यांची सोय झाली, दुसऱ्यात शिकाऊ माणसाची.

आमच्याकडे अशा शिकाऊ माणसाने कोठे जावे? गाण्यांचे म्हणाल तर स्थिती आशादायक आहे. कळमनुरीकडील नांदापूरचे आणि हैदराबादेत अध्यापन केलेले डॉ. ना. गो. नांदापूरकर यांनी मराठवाड्यातील बायकांच्या तोंडच्या ओव्यांतून 'मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा' सिद्ध केली. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' मध्ये ओव्यांचे भांडार साठविले. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे ग्रंथांमागून ग्रंथ काढले. प्रभाकर मांडे यांनी मराठवाड्यात राहून लोकसाहित्याच्या अभ्यासाला शास्त्राचे रूप दिले. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉईतव्हें यांनी जात्यावरच्या ओव्या लाखांनी गोळा केल्या. शब्द वाचले. पावलांकडे मात्र या थोर मंडळींचे लक्ष तुलनेने कमी गेले, आणि त्यात त्यांचा दोष नाही. शब्द कागदावर उतरतो, रेलणे उतरत नाही. आज मात्र प्रत्येक नातीच्या हातात चित्रफीत घेणारे यंत्र आहे, आणि पंचमीचा फेर अंगात मुरलेल्या आज्या सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आमचे फ्रँकी मॅनिंग गल्लीगल्लीत ओसरीवर बसलेले आहेत. त्यांना शोधावयास स्वीडनहून कोणी येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

दूरदेशीच्या मराठी माणसांनी याबाबतीत एक गोष्ट, बहुधा नाइलाजाने, बरी केली आहे. 1932 साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळापासून उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या परिवारापर्यंत जेथे जेथे भोंडला-मंगळागौर होते तेथे माणसे मोजकी असल्याने पाहणाऱ्यांची चैन परवडत नाही. आलेल्या प्रत्येकीला, प्रसंगी तिच्या नवऱ्यालाही, फेरात ओढले जाते. पुरुष फेरात शिरले म्हणून खेळ बाटला अशी ओरड तेथे झालेली नाही, आणि येथेही होऊ नये.

हदगाव, हिमायतनगर, किनवट आणि नांदेड-लातूरकडील ज्या महिला मंडळांनी येत्या श्रावणातील तारखा धरल्या असतील त्यांना माझी विनंती आहे ती खर्चाची नाही. स्पर्धा खुशाल घ्या, पैठणी खुशाल द्या, पेशवाई नऊवारीही नेसा. मात्र दहा मिनिटांच्या मर्यादेतून फुगडीला सूट द्या, एक तरी खेळ ध्वनिमुद्रित गाण्याविना, तोंडाने गाऊन खेळण्याची अट घाला, आणि परीक्षकांच्या कागदावरून सामाजिक संदेशाचा रकाना काढून टाका. गावातील दोन-चार म्हाताऱ्यांना दीपप्रज्वलनासाठी न बोलावता पंचमीचा फेर शिकविण्यासाठी बोलवा, त्यांना येण्या-जाण्याचे वाहन द्या आणि त्यांचे गाणे चालू असताना मध्येच सत्काराचा हार घेऊन जाऊ नका. निकाल जाहीर करण्यापूर्वी अर्धा तास राखून ठेवा, मंचावरच्या संघांना खाली उतरवा, सभागृहातील खुर्च्या भिंतीला लावा, आणि तोवर बक्षिसाचे नाव काढू नका. निकाल आधी लागला की अर्धे सभागृह घरी जाते.